वाऱ्यानं सांगितलेला पत्ता

आपल्या या कार्यक्रमात पाणी, बियाणं, बँकेचे कागद यांवर आपण पुष्कळ बोललो. आज हवेबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात फ्रीजपासून करायचीय.

आता गावोगावी फ्रीज आले. दूध संकलन केंद्रावर दूध गार करणारी मोठी टाकी असते, तालुक्याच्या दुकानात एसी असतो. ही यंत्रं कधीतरी गार करायची थांबतात. मग मेकॅनिक येतो, मागची नळी बघतो आणि म्हणतो, “ताई, गॅस संपलाय. भरावा लागेल.” आपण पैसे देतो, गॅस भरला जातो, विषय मिटतो. पण त्याच्या बोलण्यात एक गोम आहे. फ्रीजमधला गॅस शेगडीच्या गॅससारखा जळत नाही. तो बंद नळीत नुसता फिरत राहतो. आतली उष्णता उचलतो, मागच्या जाळीवर सोडतो, पुन्हा आत जातो. तो संपत नसतो. नळीला कुठंतरी बारीकसं भोक पडतं आणि तो निघून जातो. मग तो गेला कुठं?

हा प्रश्न जगानं पहिली चाळीस वर्षं विचारलाच नाही. आणि उत्तर मिळायला लागलं तेव्हा ते आधी वाऱ्यानं सांगितलं. आजची गोष्ट त्याचीच आहे.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घरात फ्रीज ठेवणं म्हणजे धोका होता. नळीत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असायचं. सगळे विषारी. रात्री नळी फुटली आणि घरातली माणसं झोपेतच गेली, असे प्रकार 1920 च्या दशकात घडले. फ्रीज असायचा स्वयंपाकघरात, म्हणजे धोका कुणाच्या उशाशी होता ते सांगायला नको. 1928 मध्ये थॉमस मिडग्ली नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी एक नवा वायू शोधला. जळत नाही, वास नाही, रंग नाही, विषारी नाही. 1930 मध्ये रसायनतज्ज्ञांच्या सभेत मिडग्लीनं तो वायू स्वतःच्या छातीत भरून घेतला आणि पेटत्या मेणबत्तीवर फुंकला. मेणबत्ती विझली, मिडग्ली धडधाकट उभा. टाळ्या पडल्या असतील. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्तीही याच गृहस्थाची. एका माणसानं हवेचं एवढं नुकसान क्वचितच केलं असेल, आणि दोन्ही वेळा त्याला भलंच करायचं होतं.)

हा वायू सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लोरोकार्बन. त्याचं मोठं कुटुंब आहे, त्याला हॅलोकार्बन म्हणतात. कार्बनच्या अंगाला क्लोरीन, फ्लोरीन किंवा ब्रोमीन चिकटवलं की या कुटुंबातलं एकेक माणूस तयार होतं. कुणी फ्रीजमध्ये गेलं, कुणी अंगावर मारायच्या सुगंधी फवाऱ्याच्या डब्यात, कुणी फोमची गादी फुगवायला. काही पातळ द्रवाच्या रूपात असतात. ते कपड्यांचं ड्रायक्लीनिंग करायला आणि कारखान्यात लोखंडी भागांवरचं तेलकट पुसायला लागले. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, मग हवेत किती जातंय याची मोजदाद कोण ठेवणार?

मोजायचं साधन आलं 1957 मध्ये. जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञानं एक छोटंसं, हातात मावणारं यंत्र बनवलं. हॅलोकार्बन हुंगण्यात ते इतकं तिखट नाकाचं होतं, की लव्हलॉक त्याचा दाखला असा देत: जपानमध्ये कुणी एखाद्या पांघरुणावर असलं रसायन ओतून ते वाळू दिलं, तर दोनेक आठवड्यांत त्याचा अंश इंग्लंडच्या हवेत या यंत्राला सापडेल. शेतात फवारलेल्या कीटकनाशकांचे अंश कुठं कुठं पोहोचलेत, हेही जगाला याच यंत्रानं दाखवलं.

लव्हलॉक इंग्लंडमध्ये एका खेड्यात राहत. तिथं त्यांच्या एक लक्षात आलं. लहानपणी उन्हाळ्यात लांबवर स्वच्छ दिसायचं, आता उन्हाळ्यात सगळं धुरकट दिसतं. लोक म्हणत, हवामानच तसं आहे. लव्हलॉकना शंका होती की हा माणसाचा धूर आहे. पण सिद्ध कसं करणार? धूळ वाऱ्यानंही उडते, धूर वणव्याचाही असतो. मग त्यांनी एक खूण निवडली. सीएफसी निसर्गात कुठं तयार होत नाही. झाड सोडत नाही, जनावर सोडत नाही, ज्वालामुखीतून येत नाही. हवेत ते सापडलं तर ती हवा माणसांच्या वस्तीवरूनच आली असणार. चोरानं अंगाला अत्तर लावावं आणि वास त्याच्या मागं मागं यावा, तशी ही खूण.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अ‍ॅड्रिगोल नावाच्या गावी त्यांचं सुट्टीचं घर होतं. एका बाजूला अथांग अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला लांबवर युरोपातली शहरं. 1970 च्या सुमारास त्यांनी तिथं मोजमाप केलं. युरोपाकडून वारा आला, हवा धुरकट झाली, की सीएफसी वाढलेलं. समुद्राकडून वारा आला, डोंगर लख्ख दिसायला लागले, की कमी झालेलं. म्हणजे शंका खरी ठरली. त्या निवांत गावातला धुरकटपणा शेकडो कोसांवरच्या शहरांचा होता. शहरानं टाकलेलं खेड्याच्या अंगणात येऊन पडतं, हे आपल्याला नदीच्या बाबतीत ठाऊक असतं. हवेचंही तसंच आहे, हे इथं आकड्यांत दिसलं.

पण खरी चक्रावणारी गोष्ट दुसरीच होती. समुद्रावरून आलेल्या स्वच्छ हवेतही सीएफसी शून्य नव्हतं. कमी होतं, पण होतंच. लव्हलॉकना तिथं एक लाख कोटी भाग हवेत साधारण साठ भाग सीएफसी-11 सापडलं. हजारो किलोमीटर नुसता समुद्र, मग हे आलं कुठून? 1971 च्या अखेरीस ते ‘शॅकल्टन’ नावाच्या संशोधन जहाजावर चढले आणि इंग्लंडकडून अंटार्क्टिकाच्या दिशेनं निघाले. सरकारी अनुदान मागितलं तर मिळालं नव्हतं, थोडा खर्च पदरचा केला. वाटेत हवेचे पन्नास नमुने घेतले. पन्नासच्या पन्नास नमुन्यांत तो वायू होता. उत्तरेकडं जास्त, कारण कारखाने आणि शहरं बहुतेक उत्तरेत आहेत. दक्षिणेत कमी, कारण विषुववृत्त ओलांडून हवा मिसळायला वर्षभर लागतं. थोडक्यात, आजवर गळलेला गॅस सगळा हवेतच होता. तो कुठंच गेला नव्हता.

लव्हलॉकनी मात्र तेव्हा लिहून टाकलं, की यापासून धोका होण्याची कल्पनाही करता येत नाही. पुढं ही आपली मोठी चूक होती असं ते स्वतःच म्हणाले. ते विचार करत होते श्वासात किती जातं एवढाच. वर आभाळात काय होईल याचा विचार दुसऱ्या कुणीतरी केला. तिकडं येतेच, पण आधी शहरात जाऊ. हा वायू जिथून निघतो तिथं हवामान त्याच्याशी काय खेळ करतं, ते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराइतकं कुठंच नीट दिसत नाही.

हे शहर कसं वसलंय ते डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला पॅसिफिक महासागर. उत्तरेला आणि पूर्वेला डोंगरांची भिंत, त्यातली काही शिखरं दहा हजार फुटांच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. मध्ये परातीसारखा खोलगट भाग आणि त्यात लाखोंची वस्ती. 1542 च्या ऑक्टोबरात काब्रियो नावाचा दर्यावर्दी स्पेनचं जहाज घेऊन या किनाऱ्याला आला, तेव्हा इथं मोटार नव्हती, कारखाना नव्हता. मूळ रहिवाशांची गावं होती, त्यांच्या चुली आणि जाळ होते. तो धूर वर चढताना दिसला. त्यानं त्या उपसागराचं नावच धुराचा उपसागर ठेवलं.

थोड्याशा चुलींचा धूर एवढा कसा दिसावा? हे आपल्याला समजावून सांगायला नको. मार्गशीर्ष-पौषात पहाटे उठून चूल पेटवली, की धूर कौलांतून बाहेर पडतो, थोडा वर जातो आणि मग अंगावर पांघरूण ओढावं तसा घरांच्या डोक्यावर आडवा पसरतो. शिवारातून बघितलं तर सगळं गाव एका निळसर चादरीखाली झोपलेलं दिसतं. ऊन चढलं की चादर विरते. याचं कारण असं, की रात्री जमीन गार होते आणि तिच्यालगतची हवाही गार होते. वर मात्र हवा त्याहून उबदार असते. गार हवा जड, ती खालीच बसून राहते. वरच्या उबदार हवेचं झाकण बसतं. झाकणाखाली जे सोडाल ते तिथंच कोंडतं.

आपल्याकडं हे झाकण बहुधा सकाळी उघडतं. लॉस एंजेलिसला उन्हाळ्यात दिवस-दिवस उघडत नाही. थंड समुद्रावरून गार हवा आत येते आणि तिच्या डोक्यावर वरून खाली दबत आलेली गरम हवा बसते. झाकण हजार-दोन हजार फुटांवर असतं, आणि बाजूला डोंगर. वर जाता येत नाही, बाजूला जाता येत नाही. पातेल्यात ठेवून वर ताट पालथं घातलं, असं समजा. 1943 च्या जुलैत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका दिवशी शहरात डोळे चुरचुरायला लागले, समोरचं दिसेना. जपाननं विषारी वायू सोडला अशी आवई उठली. मग कृत्रिम रबराच्या एका कारखान्यावर आळ आला. तो काही दिवस बंद ठेवला तरी हवा सुधारेना. पुढं हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञानं शोधून काढलं, की मोटारींचा आणि तेलशुद्धीकरणाचा धूर झाकणाखाली कोंडतो आणि उन्हात शिजून त्यातून डोळ्यांना झोंबणारा ओझोन तयार होतो. हे गृहस्थ त्याआधी अननसाला वास कशानं येतो याचा अभ्यास करत होते!

आता यात आपले हॅलोकार्बन कुठं आले? लोखंड पुसायला कारखान्यांत ट्रायक्लोरोइथिलीन नावाचा द्रव वापरत. तोही उन्हात शिजून धुरक्यात भर घालतो असं दिसलं. म्हणून 1966 मध्ये लॉस एंजेलिस परगण्यानं नियम केला आणि असल्या द्रवांवर बंधन घातलं. कारखान्यांनी काय केलं? त्याच कुटुंबातले दुसरे दोन द्रव उचलले: मिथाइल क्लोरोफॉर्म आणि परक्लोरोइथिलीन. ते उन्हात सहजी मोडत नाहीत, म्हणून धुरकं करत नाहीत. सगळे खूश. पण सहजी मोडत नाही याचा अर्थ तो फार दिवस टिकतो, असाच होतो ना? ट्रायक्लोरोइथिलीन उन्हाळी हवेत काही दिवसांत मोडतं. परक्लोरोइथिलीनला काही महिने लागतात. मिथाइल क्लोरोफॉर्म पाचेक वर्षं टिकतं. आणि सीएफसी-11 ची गोष्ट पन्नास वर्षांची. शहरानं आपल्या डोळ्यांची चुरचुर थांबवण्यासाठी अशी वस्तू घेतली, जी शहराबाहेर जाऊन पृथ्वीभर फिरणार होती. मला या सगळ्या इतिहासात हा नियम सर्वांत बोलका वाटतो, कारण त्यात कुणाचाच हेतू वाईट नव्हता.

त्यानंतर मोजमाप सुरू झालं. पीटर सिमंड्स, फ्रेड शेअर आणि लव्हलॉक यांनी मिळून लॉस एंजेलिसच्या खोऱ्यातल्या हवेत हॅलोकार्बन कुठं किती पसरलेत हे तपासलं आणि 1974 मध्ये प्रसिद्ध केलं. समुद्रावरच्या स्वच्छ हवेच्या कितीतरी पट जास्त ते शहराच्या हवेत होते. 1979 मध्ये हनवंत सिंग या भारतात शिकून अमेरिकेत गेलेल्या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस, फीनिक्स आणि ओकलंड या तीन शहरांत चोवीस तास हवा तपासली. अशा मोजमापांतून एक चित्र तयार झालं. रात्री आणि पहाटे हे वायू साठतात. दुपारी जमीन तापली, हवा वर-खाली घुसळली गेली, की विरळ होतात. शहरातून निघणारं प्रमाण तेच, पण पहाटे झाकण खाली असतं, दुपारी वर जातं.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायची. मृगाचा पहिला पाऊस पडला की आपल्याकडं हवा कशी धुतल्यासारखी होते. धूळ खाली बसते, धूर विरघळतो. हॅलोकार्बनला पावसाचं काही वाटत नाही. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. पाऊस त्यांच्यामधून पडून जातो आणि ते जागेवर. म्हणजे शहराची सुटका करणारं एकच, वारा. आणि वारा सुटका करतो म्हणजे काय करतो, तर दुसऱ्याकडं पोहोचवतो.

लॉस एंजेलिसला दिवसा समुद्रावरून खारे वारे वाहतात. किनाऱ्याजवळच्या कारखान्यांचं आणि बंदराचं सगळं ते उचलतात आणि आत डोंगरांच्या पायथ्याशी नेऊन टाकतात. पासाडेना, रिव्हरसाइड या आतल्या गावांनी वर्षानुवर्षं किनाऱ्याची हवा खाल्ली. रात्री वारा उलटतो, जमिनीवरून समुद्राकडं मतलई वारे वाहतात. कोकणातल्या मैत्रिणींना हे वारे अंगानं माहीत आहेत, होडी कधी बाहेर काढायची आणि कधी घराकडं वळवायची ते त्यावरच ठरायचं. लॉस एंजेलिसमध्ये लोकांना वाटायचं, रात्री जे समुद्राकडं गेलं ते गेलं. फ्रेड शेअर आणि त्यांच्या सोबत्यांनी 1970 च्या दशकात याची परीक्षा घेतली. किनाऱ्यावरच्या एका वीजकेंद्राच्या धुराड्यातून रात्री खुणेचा वायू सोडला. मतलई वाऱ्यानं तो समुद्रावर नेला. दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्यानं तोच वायू परत किनाऱ्यावर आणून सोडला. रात्री टाकलेलं दुपारी घरी परत. फक्त शरद ऋतूत आणि थंडीत वाळवंटाकडून कोरडे, जोरदार सांता आना वारे सुटतात, तेव्हा झाकण फुटतं आणि खोरं स्वच्छ होतं. पण त्याच वाऱ्यात वणवे पेटतात. सगळंच सुखाचं मिळत नाही.

आणि सगळ्यांच्या वाट्याला सारखंही येत नाही. वाऱ्यानं विरळ होईपर्यंत जो द्रवाजवळ उभा असतो त्याला सर्वांत जास्त मिळतं. परक्लोरोइथिलीनवर चालणारी लॉस एंजेलिसमधली ड्रायक्लीनिंगची दुकानं बरीचशी कोरियातून आलेल्या कुटुंबांची होती. नवरा-बायको दोघं दिवसभर त्या यंत्राशी असायची. हवा कोंदट असली की दुकानातली वाफ बाहेरही जात नसे. ट्रायक्लोरोइथिलीननं कर्करोग होतो हे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 मध्ये पक्कं सांगितलं, आणि परक्लोरोइथिलीननं होण्याचा संभव आहे असं म्हटलं. कॅलिफोर्निया राज्यानं 2007 मध्ये ठरवलं की 2023 पर्यंत ड्रायक्लीनिंगमधून परक्लोरोइथिलीन पूर्ण काढायचं. सोळा वर्षांची मुदत. तुमच्यापैकी कुणाच्या घरची मुलं-मुली शहरात लाँड्रीत किंवा सुट्या भागांच्या वर्कशॉपमध्ये कामाला असतील, तर तिथं धुवायला कोणता द्रव वापरतात आणि खिडकी-पंखा आहे का, हे एकदा जरूर विचारा.

आता आभाळाकडं. लॉस एंजेलिसहून दक्षिणेला तासाभराच्या वाटेवर अर्व्हाइन नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात शेरवुड रोलंड शिकवत. लव्हलॉकच्या मोजमापाबद्दल त्यांनी 1972 मध्ये एका बैठकीत ऐकलं आणि त्यांच्या मनात आपलाच प्रश्न आला: मग शेवटी हे जातं कुठं? 1973 मध्ये मारिओ मोलिना हा मेक्सिकोचा तरुण त्यांच्याकडं आला आणि त्यानं हाच प्रश्न निवडला. उत्तर काही महिन्यांत कागदावर मांडून झालं. पाऊस धूत नाही, ऊन मोडत नाही, म्हणून हा वायू हळूहळू वर चढतो. वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर, ओझोनच्या थरात, प्रखर किरणांनी तो अखेर फुटतो आणि क्लोरीन मोकळं होतं. क्लोरीनचा एक अणू ओझोनच्या लाखभर रेणूंचा फडशा पाडू शकतो. खाली नाकाशी आला तर त्रास देणारा ओझोन, वर मात्र सूर्याच्या घातक किरणांपुढं धरलेली छत्री आहे. त्या दिवसांत घरी बायकोनं काम कसं चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा रोलंड म्हणाले, काम छान चाललंय, पण जगाचा शेवट जवळ आलाय असं दिसतंय. त्यांचा लेख 1974 च्या जूनमध्ये आला.

कारखानदारांनी त्यांची टर उडवली. पण अमेरिकेतल्या घराघरांतून बायकांनी फवाऱ्याचे डबे घेणं कमी केलं. त्याऐवजी हातानं दाबायचा पंप किंवा अंगावर फिरवायची गोळीची बाटली आली. कायद्यानं फवाऱ्यातलं सीएफसी 1978 मध्ये बंद केलं, खप त्याआधीच उतरला होता. 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोनला भोक पडल्याचं जाहीर केलं. 1986 मध्ये सुझन सोलोमन ही तिशीतली शास्त्रज्ञ तिथं तुकडी घेऊन गेली. तिचं म्हणणं होतं, की तिथल्या कडाक्याच्या थंडीत उंचावर जे बर्फाळ ढग तयार होतात त्यांच्या अंगावर क्लोरीन जागं होतं आणि वसंतात सूर्य उगवला की ओझोन खायला लागतं. मोजमापानं तिचं म्हणणं खरं ठरवलं. इथंही वायू सगळीकडं सारखा, भोक मात्र हवामानानं ठरवलेल्या जागी. 16 सप्टेंबर 1987 ला कॅनडातल्या माँट्रियल शहरात करार झाला. भारत त्यात 1992 मध्ये आला, आणि 2010 पासून आपल्यासारख्या देशांतही सीएफसी बनवणं बंद झालं. जुन्या एसीत आता जो आर-22 नावाचा गॅस असतो तो याच कुटुंबातला, थोडा सौम्य भाऊ. तोही 2030 पर्यंत जायचा आहे. मेकॅनिकनं नळी उघडून जुना गॅस हवेत फुस्स करून सोडला, तर तो कुठं जातो हे आता आपल्याला माहीत आहे. गॅस काढून टाकीत भरायचं यंत्र मिळतं. ते तुझ्याकडं आहे का, असं त्याला विचारायला काही हरकत नाही.

करार झाला, पण राखण कोण करणार? पुन्हा वाराच. 2018 मध्ये अमेरिकेचे शास्त्रज्ञ स्टीफन माँट्झका यांनी दाखवलं, की हवेतलं सीएफसी-11 कमी होण्याचा वेग 2012 नंतर निम्म्यावर आलाय. म्हणजे बंदी असताना कुणीतरी नव्यानं बनवत होतं. कबूल तर कुणी करणार नव्हतं. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर गोसान नावाचं हवा तपासणीचं केंद्र आहे, जपानच्या हातेरुमा बेटावर दुसरं. तिथं आपल्या मोसमी वाऱ्यासारखंच चालतं. उन्हाळ्यात हवा समुद्रावरून येते, ती स्वच्छ. थंडीत वायव्येकडून, चीनच्या भूमीवरून येते. सनयंग पार्क ही कोरियन शास्त्रज्ञ आणि ब्रिटनचे मॅट रिग्बी यांच्या गटानं दहा वर्षांच्या नोंदी काढल्या. चीनच्या बाजूनं वारा आला की सीएफसी-11 चा आकडा उंच उडी मारत होता, आणि 2012 नंतर त्या उड्या जास्त उंच झाल्या होत्या. अ‍ॅड्रिगोलला लव्हलॉकनी केलं तेच, फक्त आता संगणकानं वाऱ्याची वाट उलटी चालत जाता येत होती. चालत चालत ते पोहोचले पूर्व चीनमधल्या शानडोंग आणि हबेई या प्रांतांत. 2019 मध्ये त्यांनी जाहीर केलं, की त्या भागातून वर्षाला सुमारे 7,000 टन सीएफसी-11 आधीपेक्षा जास्त निघतंय. फोम बनवणारे कारखाने ते चोरून वापरत होते. स्वस्त पडायचं म्हणून.

एक गोष्ट मात्र या शोधात अडचणीची राहिली. जगभरात जो वाढीव वायू दिसत होता त्यातला साधारण निम्म्याचाच पत्ता लागला. जगाच्या मोठ्या भागावरचा वारा असल्या कुठल्याच केंद्रापर्यंत पोहोचत नाही. तिथून काय निघतं, ते वारा उचलून नेतो, पण सांगायला कुणापाशी थांबत नाही.

बातमी जगभर झाली. चीन सरकारनं धाडी घातल्या, टाक्या जप्त केल्या. 2021 मध्ये त्याच गोसान केंद्राचे पुढचे आकडे आले. वारा चीनकडूनच येत होता, थंडीत जसा येतो तसाच. 2019 पर्यंत त्याच्यासोबत येणारं सीएफसी-11 मात्र 2012 च्या आधी होतं तेवढ्यावर खाली आलं होतं.